आमच्या गावची कंपनी : तुमच्या आठवणी लिहा

कुळागरवाली
परवा भावाने फोनवर सांगितलं, रस्त्यावर खनिजाचे ट्रक, टिप्पर, परत धावू लागलेत. लिलावात गेलेल्या गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी २०२४ पासून सुरू होताहेत हे वाचलं होतं. पण फोनमध्ये त्याच्या मागून तो आवाज आला आणि मला रात्री झोप लागली नाही.

आमचं गाव डिचोली तालुक्यात. घरात नुसतं 'कंपनी' म्हटलं की कुठली ते विचारावं लागत नसे. शाळेच्या वह्या कंपनीच्या, देवळाच्या सभामंडपाची लादी कंपनीची, काल्याच्या नाटकाला देणगी कंपनीची, आणि मार्च उलटला की पाण्याचा टँकरही कंपनीचाच. आमची विहीर आजोबांनी खणलेली. मी पाचवीत असताना ती पहिल्यांदा आटली. पिट म्हणजे खाणीचा खड्डा खोल गेला की त्यात पाणी लागतं, ते रात्रंदिवस पंपाने उपसतात, मग आजूबाजूच्या झरी आणि विहिरींचं पाणी तिकडे ओढलं जातं. हे वाड्यावर सगळ्यांना कळत होतं. तरी टँकर आला की ड्रायव्हरला पहिला चहा आमच्याकडून. बाबा एकदा ग्रामसभेत विचारायला उठले, तर शेजारच्या काकांनी हात धरून त्यांना खाली बसवलं. काकांचे ट्रक खाणीवर होते. आणि ताईच्या लग्नाला पैसे कमी पडले तेव्हा तेच काका धावून आले होते. बाबा त्यांच्याशी भांडले नाहीत, पण पुन्हा ग्रामसभेलाही गेले नाहीत.

मला हेच ऐकायचंय. कंपनीने किती दिलं, किती नेलं याचा हिशेब नको. त्या देण्याघेण्यात आपली माणसं आपसात कशी वागू लागली ते लिहा. खाणच हवी असं नाही, जेटी, कारखाना, काहीही. कंपन्यांची नावं मात्र नकोत. इथल्या बऱ्याच जणांची घरं त्यांच्यावर चालली आहेत, माझ्या मावशीचंही.

दोन_ट्रकवाला
बाय, तुमच्या काकांच्या डोक्यावर ट्रकच्या कर्जाचा हप्ता होता हो. मी त्यातून गेलोय. २००८ च्या आगेमागे चीनला हलक्या प्रतीचा मालही जायला लागला, वर्षानुवर्षं पडलेले डंप, टाकाऊ मातीचे ढीग, विकले गेले. तेव्हा कर्ज मागायला जावं लागत नव्हतं, देणारे दारात यायचे. पैसे ट्रिपवर. जितक्या ट्रिपा तितकी कमाई, म्हणून सगळे सुसाट.

मग बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेत आला आणि १० तारखेला सरकारने खाणी थांबवल्या. पावसाळ्यात गाड्या तशाही उभ्याच असतात. आम्ही हंगामासाठी टायर बदलून, बॉडी रंगवून तयार होतो. चवथ १९ तारखेला. माटोळीचा, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांचा, बाजार उधारीवर आणला. एक ट्रक विकला, दुसरा अंगणातच गंजला. मुलगा त्या ट्रकात बसून खेळायचा, ते बघवत नव्हतं.

सावर्ड्याहून
धुळीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून?? पांढरा शर्ट घालून निघालं की शाळेत पोचेपर्यंत तांबडा. आमसुलं वाळत घालायची तर वर कापड, कापडावर धूळ, कापड उचललं की धूळ खाली. आई वैतागून आमसुलं मामाकडे काणकोणला पाठवायची.

माझी मामेबहीण त्याच रस्त्यावर स्कूटरवरून गेली. टिप्परखाली. ड्रायव्हर आमच्याच वाड्यावरचा मुलगा. त्याची आई बाराव्यापर्यंत रोज येऊन आमच्या स्वयंपाकघरात बसायची, एक शब्द न बोलता भांडी घासायची. जास्त नाही लिहू शकत.

कुळागरवाली
@सावर्ड्याहून, काय बोलू. वाचून हात थांबले.

पेडण्याचो_भाई
आमच्याकडे खाणी नसल्यासारख्याच, पण एक सांगतो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. खेड्यापाड्यात मराठी शाळा त्यांच्याच काळात निघाल्या. माझी आई त्यातल्याच शाळेत शिकली, नाहीतर अंगठाच उठवत राहिली असती. १९७३ ला भाऊ गेले तेव्हा ती लहान होती, पण त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती हे तिला अजून आठवतं. तेव्हा खाणमालक म्हणून सरसकट सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

मास्तर_साखळी
भाई, भाऊंच्या शाळांबद्दल शंभर टक्के. मी तशाच शाळेत शिकवलं. पण पुढचंही बघितलं. खाणी जोरात होत्या त्या वर्षांत दहावी झालेला मुलगा सरळ क्लिनर व्हायचा, दोन वर्षांत ड्रायव्हर. वर्गातला हुशार मुलगा मला वाटेत थांबवून अभिमानाने गाडी दाखवायचा. २०१२ नंतर तीच मुलं दाखल्यासाठी शाळेत यायची, पंचविशीची, लग्न झालेली. कंपनीने आम्हाला बाकं, पंखे, कपाटं सगळं दिलं, मनापासून दिलं असेल. पण मुलांना वर्गात थांबवायला आम्ही कमी ताकदीचे ठरलो.

लोखंड
मी कंपनीचाच माणूस, वर्कशॉपमध्ये होतो. इथे सगळं वाईटच येतंय म्हणून लिहितो. आईच्या हृदयाचं ऑपरेशन कंपनीने केलं. मुलींच्या फिया दिल्या. आमचा मॅनेजर रात्री दोन वाजता गाडी घेऊन बांबोळीच्या हॉस्पिटलात आला होता, तो उपकार मी विसरणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून काम बंद. १८ ला पाडवा. बायकोने गुढी उभारली. मी आत जाऊन निजलो. ज्या गावकऱ्यांनी विहिरींसाठी भांडण केलं त्यांच्यावर माझा राग नाही. पण बाजारात मला बघून काही जण 'आता बसा घरी' म्हणाले, ते अजून सलतं.

दोन_ट्रकवाला
@लोखंड दादा, आमच्याकडेही तेच. फोन करा कधी, उसगावला असतो.

शिरगावची_लेक
मुलीला झोपवून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आमच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला. धोंड, म्हणजे देवीचे व्रत धरलेले भक्त, होमकुंडातून चालत जातात ते सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीचे दिवस लोकांना माहीत नसतात. माझे बाबा धोंड. व्रतात सोवळं कडक, आंघोळ विहिरीवर किंवा झरीवर, जेवण वेगळं. बाहेरगावचे धोंडही येतात, त्यांनाही पाणी लागतं. आणि हे सगळं ऐन उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेलेल्या असतात त्या दिवसांत. बाबा लहान असताना धोंड कुठल्याही विहिरीवर उतरायचे म्हणे. माझ्या लहानपणी कुठल्या विहिरीला पाणी आहे ते आधी विचारून ठेवावं लागे. गावाला वेढून खाणी, भूजलाच्या पातळीच्याही खाली गेलेल्या. पावसात डंपची माती ओढ्यातून शेतात. आमचं वायंगण, उन्हाळी भातशेत, गेलं ते तिथेच. चिखल बसला की भात काय, तणसुद्धा धड उगवत नाही. मग दरवर्षी नुकसानीचा चेक यायचा. आजोबा तो चेक देवासमोर ठेवायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. आजी समजूत काढायची, अहो लक्ष्मी आहे. ते म्हणायचे, मला भात पाहिजे.

आता शेत करायचं म्हटलं तर भावाला नांगर धरता येत नाही. चेक यायचा त्या सगळ्या वर्षांत आम्हा भावंडांना कुणी शेतात नेलंच नाही.

मुळगावकर
शिरगावची_लेक, म्हणजे आपण शेजारी! आमची केळबाय आणि तुमची लईराई बहिणी. तुम्ही तळीच्या बाजूच्या का?

शिरगावची_लेक
हो हो, तळीकडेच. माझी मोठी काकी मुळगावची. कोणाकडची ते मेसेजमध्ये सांगते.

मुळगावकर
सांगा सांगा. नक्की ओळखीचे निघणार.

तांडेलाचा_पोर
आम्ही मूळ मालवणकडचे. वडील खनिज वाहणाऱ्या बार्जवर. आमोण्याला भरायचं, मांडवीतून मुरगावला. पावसात आग्वादपाशी मांडवीचं मुख धोक्याचं, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत शिरायचं. तिथे दोन्ही बाजूंना खाजनं, म्हणजे बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतं. बार्जच्या लाटांनी बांध खचतात, खारं पाणी शेतात घुसतं, म्हणून शेतकरी काठावर येऊन ओरडायचे. वडील बांध दिसला की इंजिन हळू करायला लावायचे. उशीर झाला की बोलणी खायचे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना एकदा काठावरून हाक मारून कोरगुट तांदळाची पिशवी दिली होती. ते भात आईने फक्त चवथीला शिजवलं. बंदीनंतर बार्ज कापून भंगारात गेल्या. वडील ते बघायला गेले नाहीत.

सावर्ड्याहून
कोरगुट अजून मिळतो का कुठे? सासूबाई पेजेसाठी शोधताहेत.

तांडेलाचा_पोर
दिवाडीला विचारा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही कधी कधी येतो.

भूतखांब
कारखाना पण चालेल म्हणालात म्हणून. केरीच्या पठारावर नायलॉन ६,६ चा प्रकल्प येणार होता. १९९५ मध्ये त्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक गेला. आई सांगते, बायका रस्त्यावर रात्र रात्र बसायच्या, घराघरातून भाकऱ्या यायच्या, ज्यांचं आपसात बोलणं नव्हतं त्यांच्याकडूनही. प्रकल्प गेला. कंपनी गावात बसून देणग्या देऊ लागायच्या आधीच हे झालं, म्हणून जमलं असं आईला वाटतं.

कुळागरवाली
@भूतखांब, आईचं वाक्य मी भावाला पाठवलं.

नवी_सून_सत्तरी
मी इथे नवीन. आमच्या पंचायतीवर खाणीच्या जनसुनावणीची नोटीस लागलीय. सासरे म्हणतात बायकांनी बोलायचं काय त्यात. मला जायचंय. काय विचारू?

मास्तर_साखळी
बाय, जरूर जा. नोटीस किमान ३० दिवस आधी लावावी लागते, ती तारीख बघा. पर्यावरण अहवालाचा मसुदा पंचायतीत बघायला मिळतो, त्याचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो, तो मागा. त्यात तुमच्या वाड्यावरच्या विहिरी आणि झरी मोजल्यात का ते आधी बघा. पिट किती खोल जाणार, उपसलेलं पाणी कुठे सोडणार, डंपला पायथ्याशी भिंत आहे का, ट्रक कुठल्या रस्त्याने आणि शाळेच्या वेळेला बंद ठेवणार का. तोंडी विचारा आणि लेखीही द्या, पोच घ्या.

लोखंड
मास्तर बरोबर सांगतात. अजून एक, २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलंय. खाणवाल्यांनी त्यात पैसे भरायचे आणि ते खाणबाधित गावांत पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यावर खर्च व्हायचे. तुमच्या पंचायतीने त्यातून काय मागितलंय ते विचारा. टँकरसाठी कोणाला चहा पाजायची गरज नाही.

नवी_सून_सत्तरी
लिहून घेतलं सगळं. विहिरीचं माप आत्ताच घेऊन ठेवू का? नणंद म्हणते दोरीला दगड बांधून होतं.

शिरगावची_लेक
घ्याच! पण दोरी ओली झाली की ताणते, मोजायची टेप घ्या, तिलाच वजन बांधा. काठावर एका जागी रंगाची खूण करा, दर वेळी तिथूनच पाण्यापर्यंत मोजायचं. वहीत तारीख घाला आणि शेजारच्या दोघींच्या सह्या घ्या. महिन्यातून एकदा, पावसातही.