साफ केल्यावर पहिल्या दोन गोळ्या भलतीकडे का जातात?

पेनवासी: .308 बोल्ट अ‍ॅक्शन (बोल्ट म्हणजे मागची खिट्टी, हाताने मागे-पुढे करायची), बारीक नळीची हंटिंग रायफल. साफ करून तेल लावून ठेवली की पुढच्या वेळी 100 यार्डांवर पहिल्या दोन गोळ्या अडीच-तीन इंच वर जातात. तिसरीपासून ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा झुबका) सव्वा इंचात बसतो. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल सीझन उघडतो. आदल्या रात्री साफ करू की नको?

सळई_३०८: नको. नळीत तेलाचा पातळ थर राहिला की पहिल्या गोळीचं घर्षण आणि वेग बदलतो, मग ती ग्रुपबाहेर पडते. रेंजवर ते चालून जातं, पण हरणावर झाडायची ती पहिलीच, तीही थंड नळीतून.

सीझनच्या आठवडाभर आधी साफ करा, नंतर कोरडे पॅच (कापडाचे छोटे तुकडे) डाग न पडेपर्यंत फिरवा. चेंबरही (काडतूस बसतं ती जागा) कोरडं हवं, तिथल्या तेलाने बोल्टवर जोर वाढतो. मग तीन-चार गोळ्या झाडून नळी 'बसवा' आणि तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी थंड नळीतून एकच गोळी झाडून ती कुठे लागते ते बघा. स्कोप त्या गोळीवर लावायचा.

काजळी: वरचं बरोबर, पण साफ करण्याची पद्धतही तपासा. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री, मग बोल्ट काढून बोअर गाइड बसवा. त्याने सळई मध्यभागी राहते आणि सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरत नाही. सळई अखंड, चेंबरकडून तोंडाकडे. पॅच तोंडाबाहेर आला की काढून घ्या आणि मगच सळई मागे ओढा. तोंडाची कड, म्हणजे क्राउन, एका बाजूने घासली गेली तर गोळी सुटताना वायू तिरका निसटतो आणि ग्रुप पसरतो. हे नुकसान सॉल्व्हंटने भरून येत नाही, गनस्मिथकडेच जावं लागतं.

गोळ्यांचं नळीत चिकटलेलं तांबं काढायला अमोनियावालं सॉल्व्हंट असेल तर बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, रात्रभर तर मुळीच नको. पॅच निळा आला म्हणजे तांबं निघतंय. मात्र ब्रश काशाचा किंवा जॅग (सळईचं पॅच धरणारं टोक) पितळेचा असेल तर निळा रंग त्याचाही असतो, आणि माणूस स्वच्छ नळी तासभर घासत बसतो. नायलॉन ब्रश घ्या. तांबं दर वेळी काढायची गरज नाही, ग्रुप पसरायला लागला की काढा.

पेनवासी: साफ करताना दस्ताही काढतो. त्याने फरक पडेल का?

सळई_३०८: पडतो. स्क्रू वेगळ्या ताणाने आवळले की नेम सरकतो. टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्यावर आवळा आणि पुन्हा झीरो (स्कोपच्या नेमाची जुळणी) तपासा. नळीसाठी दस्ता काढावा लागतच नाही.

काजळी: बर्फ पडत असेल तर नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक पदर लावा. गोळीपुढची हवाच तो उडवते, नेमाला धक्का लागत नाही. घरात आणल्यावर थंड लोखंडावर दव धरतं. खोलीच्या तापमानाला आल्यावर बाहेरून पुसा आणि नळीत एक कोरडा पॅच फिरवा. ओल आढळली तर तेलाचा हलका पॅच द्या, आणि सकाळी निघण्याआधी तो कोरड्याने पुसून काढा.