सलग पाच रोव्हर्स, तेही कूपरेजवर

एकांनी लिहिलंय की जुन्या काळचे कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे संघ म्हणजे हौशी फुटबॉल नव्हेच. मला हे पटत नाही. तेव्हा खेळाडूंना पगार मिळायचा तो नोकरीचा, खेळाचा नव्हे. हैदराबाद सिटी पोलीसचंच बघा. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स करंडक, म्हणजे मुंबईतली तेव्हाची मोठी फुटबॉल स्पर्धा, त्यांनी जिंकला, आणि तोही मुंबईतल्या आपल्या कूपरेज मैदानावर! त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शिक्षक. छोटे पास आणि चेंडूशिवायची धाव यावर त्यांचा भर. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तोही त्यांच्याच हाताखाली.

त्याच मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली ती आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने. पुढे १९५८ ला त्याच्या कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाने रोव्हर्स जिंकला. मुंबईचा संघ! याची आठवण या शहरात कुणी काढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमचे आजोबा गिरगावातून चालत कूपरेजला जायचे. त्यांच्याकडे तेव्हाचा एक चेंडू होता. चामड्याचा, वर बुटासारखी नाडी. लहानपणी मी तो हातात घेतलाय. नाडीची गाठ बोटाला टोचायची. पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा आणि हेडर मारला तर कपाळावर नाडीचा वळ उठायचा, असं आजोबा सांगायचे. संध्याकाळी ड्युटी संपवून हाच चेंडू खेळणारी ही माणसं. त्यांना हौशी नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?