दार्जिलिंगच्या पहिल्या तोडणीचा चहा कसा प्यावा?

प्रश्न: आले आणि गवती चहा घालून उकळलेल्या दुधाच्या चहावर मी वाढलो आहे. दार्जिलिंगचा चहा भेट मिळाला आहे. त्याचा आस्वाद कसा घ्यावा?

प्रतिसाद १: आपल्या घरातील पावडर बहुधा सीटीसी पद्धतीची असते, यंत्रात पाने चिरडून, फाडून त्यांच्या गोळ्या वळल्यामुळे तिचा अर्क झटकन आणि दाट उतरतो, म्हणूनच ती दूध, साखर आणि आले पेलते. दार्जिलिंगची पाने मात्र न चिरडता वळलेली असतात, आणि साधारण मार्च-एप्रिलमधील पहिल्या तोडणीत त्यांचे ऑक्सिडीकरणही (हवेतील ऑक्सिजनमुळे पाने काळवंडण्याची क्रिया) कमी होऊ दिलेले असते. उकळलेले पाणी थोडे निवू द्यावे, कपाला चमचाभर पाने घालून झाकावे आणि 3 मिनिटांत गाळावे. अधिक वेळ ठेवल्यास तुरटपणा वाढतो.

प्रतिसाद २: दूध घालूच नये, ही माझी कळकळीची विनंती. दुधातील प्रथिने टॅनिनांना, म्हणजे चहाला तुरटपणा देणाऱ्या घटकांना, बांधून ठेवतात, आणि दुधाच्या चवीखाली या चहाचा नाजूक, फुलांसारखा गंध हरवतो. मला स्वतःला मे-जूनमधील दुसरी तोडणी अधिक प्रिय आहे, कारण तिच्यात मस्कत द्राक्षांची आठवण देणारा गोडसर दरवळ असतो.

प्रतिसाद ३: डबा हवाबंद ठेवा, मसाल्यांपासून दूर, चहा शेजारचा वास लगेच ओढून घेतो.