नकाशात बडोदा ऑरेंज दाखवतंय, म्हणजे नक्की काय करायचं?

हवामान खात्याच्या नकाशात आज आपला जिल्हा ऑरेंज आहे आणि बाजूचा भरूच रेड. आई दांडिया बाजारात तळमजल्यावर एकटी असते, तिला मामाकडे हलवू का थांबू? ऑरेंज म्हणजे पाऊस कमी असं धरायचं का?

रावपुराकर: नाही हो दादा, असं मुळीच धरू नका. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. रंग नुसता मिलिमीटर बघून देत नाहीत, नुकसान किती होऊ शकतं आणि त्याची शक्यता किती तेही बघतात.

अकोटा: मुख्य अडचण ही की अख्खा जिल्हा एकाच रंगात असतो, डभोई काय नि अकोटा काय सारखंच, तुमच्या गल्लीत पाणी शिरेल का ते त्यावरून कळतच नाही. विश्वामित्री नदी चढते ती वरच्या भागातल्या पावसाने आणि आजवा धरणातून येणाऱ्या पाण्याने. 2024 च्या ऑगस्टमध्ये पाऊस ओसरला तरी शहरात पाणी होतंच ना! काळा घोडा पुलाजवळची पातळी बघत राहा, 26 फूट धोक्याची.

मांजलपूर: तारीख पण बघा प्लीज, जुने नकाशे ग्रुपवर फिरतात. त्या दिवसाचा इशारा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतचाच असतो. माझ्या सासऱ्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखू येत नाही, म्हणून मी नकाशा पाठवते तेव्हा खाली "तयारीत राहा" असं लिहूनच पाठवते.

थँक्यू सगळ्यांना, मामाला फोन केलाय, अंधार पडायच्या आत आईला नेतो.