मदत हवी आहे: ‘दार उघड बये’सारखी वाक्यं टीव्हीआधी कुठे होती?

नमस्कार मंडळी, टीव्हीमुळे तोंडात बसलेल्या वाक्यांची मुळं गोळा करतेय, तुमची मदत हवीये.

‘दार उघड बये दार उघड’ म्हटलं की आपल्याला ‘होम मिनिस्टर’च आठवतं, 2004 पासून झी मराठीवर वीस वर्षं आदेश भाऊजी आणि पैठणी. पण ही हाक खरं तर एकनाथ महाराजांची, त्यांच्या भारुडात ‘अलक्षपुरभवानी दार उघड बया’ असं देवीला साकडं आहे आणि पुढे माहूर, कोल्हापूर, तुळजापूर सगळ्या ठिकाणच्या देवींची नावं येतात. सोळाव्या शतकातलं ते साकडं थेट आपल्या सोसायटीच्या दारात पोचलं, मला हे फार भारी वाटतं!

सीआयडीचं ‘दया, दरवाजा तोड दो’ किंवा केबीसीचं ‘लॉक किया जाए’ ही सरळ त्या शोमधून आलेली, ती नकोत. भारूड, गोंधळ, ओवी, तमाशा यातून टीव्हीवर आलेली मराठी वाक्यं हवीत. तुमच्याकडे आजी-आजोबा असतील तर प्लीज विचारा ना, की ही ओळ त्यांनी लहानपणी कुठे ऐकली होती, गोंधळात, जत्रेत की जोगवा मागायला आलेल्या बायांकडून, आणि शब्द जसे आठवतील तसेच टाका, गावाचं नावही लिहा.