शेतातील बॅटरीचा चार्ज कसा ओळखावा?

प्रश्न : यवतमाळजवळच्या आमच्या शेतातील खोलीत सौर पॅनेलवर १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी आहे. दुपारी मीटर १३.८ दाखवतो, तरीही जागलीच्या रात्री दिवा नऊलाच मंदावतो. बॅटरी गेली असावी काय?

उत्तर १ : दादा, चार्जिंग सुरू असतानाचा आकडा फसवा असतो. पॅनेल आणि भार (दिवा वगैरे) दोन्ही तोडून तीन-चार तासांनी मोजल्यास १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी समजावी. शक्य असल्यास हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही घरे, म्हणजे बॅटरीतील कप्पे, तपासावीत. एकच घर बरेच मागे असेल, तर दोष तिथेच आहे.

उत्तर २ : आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी झपाट्याने आटते. डिस्टिल्ड वॉटरच घालावे, बोअरचे क्षारयुक्त पाणी मुळीच नको.

प्रश्नकर्ता : आताच पाहिले, तिसऱ्या घराचा फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता दांडा) तळाला टेकला आहे, आणि गड्याने मागे बोअरचेच पाणी घातले होते.