दुरुस्ती न होताच तक्रार ‘निकाली’: नेट आणि ईमेल बंद असताना दाद कोठे मागावी?

प्रश्न: कुडाळकरीण

नमस्कार. मी कुडाळजवळच्या एका गावात राहते आणि आसपासच्या लहान व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवण्याचे व जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम घरूनच करते. घरात एका खासगी कंपनीची फायबर जोडणी आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून ती वारंवार बंद पडते, आणि एकदा बंद पडली की दोन-दोन, तीन-तीन दिवस सुरू होत नाही. घरात मोबाइलची रेंज जेमतेम असल्यामुळे हॉटस्पॉटवरही भागत नाही. २० तारखेला जीएसटीआर-३बी हे मासिक विवरणपत्र भरले नाही, तर दररोज ५० रुपये विलंब शुल्क लागते. ते व्यापाऱ्याला माझ्यामुळे भरावे लागले, तर त्याने माझ्याकडे काम का ठेवावे?

खरा संताप मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, आणि कोणी न येता, फोनही न करता संध्याकाळी ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश येतो. पुन्हा फोन केला की नवा क्रमांक मिळतो आणि गणना पहिल्यापासून सुरू होते. त्यातच कंपनीने जोडणीबरोबर दिलेला ईमेल पत्ता मी कामासाठी वापरते आणि तोही मधूनमधून चालत नाही. त्या काळात पाठवलेली पत्रे मला मिळालीच नाहीत, असे काही ग्राहक सांगतात. बंद काळाचे पैसे बिलातून वजा करून घेता येतात का, आणि परस्पर बंद केलेल्या तक्रारीविरुद्ध कोणाकडे जावे?

उत्तर: जोडारी

ताई, मी अनेक वर्षे फायबरच्या देखभालीचे काम केले आहे, म्हणून आधी तांत्रिक बाजू सांगतो. पुढे अर्ज करताना तीच उपयोगी पडेल.

नेट गेले की प्रथम भिंतीवरच्या डब्याकडे, म्हणजे ओएनटीकडे पाहा. त्यावर ‘पीओएन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. एलओएसचा दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर तुमच्या घरापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही: तार कोठेतरी तुटली आहे, जोड निसटला आहे किंवा पलीकडच्या केंद्रातील यंत्र बंद आहे. अशा वेळी ‘राउटर बंद करून चालू करा’ या सल्ल्याला काही अर्थ नसतो. पीओएन हिरवा आणि स्थिर असूनही नेट चालत नसेल, तर दोष पुढे लॉगिनमध्ये, डीएनएसमध्ये (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत) किंवा कंपनीच्या मुख्य वाहिनीत असण्याची शक्यता अधिक.

कोकणात तार तुटण्याची कारणे आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. विजेच्या खांबांवरून ओढलेल्या तारेवर माडाची झावळ पडते, किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागतो. खोदाईपूर्वी तारांच्या मालकांना कळवता यावे, म्हणून केंद्र सरकारने २०२३ च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केले. पण गावच्या ठेकेदाराने ते वापरल्याचे मी तरी पाहिलेले नाही. शेजाऱ्यांकडेही विचारा. संपूर्ण वाडीचे नेट एकाच वेळी गेले असेल, तर वीज गेल्यावर जवळच्या केंद्रातील बॅटरी टिकली नाही, असे बहुतेक वेळा आढळते. हा दोष नैसर्गिक नसून देखभालीचा आहे, हे तक्रारीत लिहिलेच पाहिजे.

माझी कळकळीची विनंती एवढीच, की प्रत्येक वेळी लाल दिव्याचे छायाचित्र दिनांक व वेळेसह ठेवा आणि ‘निराकरण झाले’ हा संदेश आल्यानंतरही लगेच दुसरे छायाचित्र घ्या. आम्हा कामगारांवर तक्रार ठरावीक तासांत बंद करण्याचा दबाव असे. दुरुस्ती झाली का, हे मात्र फारसे कोणी विचारत नसे. हे दुसरे छायाचित्र कंपनीला नाकारता येत नाही.

उत्तर: ग्राहकपक्ष

वरील उत्तराशी पूर्णपणे सहमत आहे. आता दाद मागण्याविषयी.

दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींसाठी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, २०१२ चे विनियम आहेत. त्यांनुसार पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र आणि दुसरी त्याच कंपनीचे अपिलीय प्राधिकरण. बहुतेक लोक पहिल्याच पायरीवर फोन करून थकतात. तक्रार न सोडवता बंद केली असेल, तर नवी तक्रार नोंदवत बसू नका. जुन्याच क्रमांकाचा उल्लेख करून ३० दिवसांच्या आत अपील करा. त्याला शुल्क नाही, ते ईमेलनेही करता येते आणि ३९ दिवसांत त्यावर निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, परंतु प्रत्येक कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाचा पत्ता तिच्या संकेतस्थळावर मिळतो.

बिलाविषयी: ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. तारेवरच्या जोडणीतील बिघाड तीन दिवसांनंतर दुरुस्त झाला, तर भरपाई देण्याची तरतूद त्यांत आहे. ही वजावट मागितल्याशिवाय होईल या भरवशावर राहू नका. बिघाडाची व दुरुस्तीची तारीख लिहून लेखी मागणी करा.

अपिलातूनही न्याय मिळाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराचे वाद तेथे चालत नाहीत, असा आक्षेप कंपन्या २००९ च्या एका निकालाच्या आधारे घेत असत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात तो फेटाळला. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. एक सावधगिरी बाळगा: व्यापारी हेतूने सेवा घेणाऱ्याला कायदा ग्राहक मानत नाही आणि पहिला आक्षेप तोच येईल. तुमची जोडणी घरगुती योजनेची असेल, तर अर्जात ते आरंभीच नमूद करा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा; कित्येक प्रकरणे तेथेच मिटतात.

उत्तर: टपालहंशील

ईमेलचा प्रश्न वेगळा आहे आणि तो नेटच्या प्रश्नात मिसळू नये. तुमच्या घरचे नेट बंद असले, तरी पत्रे सर्व्हरवर जमा होत राहतात. कंपनीचा मेल सर्व्हरच बंद असेल, तरीही पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पत्र कायमचे परत जाते ते सर्व्हर ‘असा पत्ताच नाही’ असे चुकीचे उत्तर देतो तेव्हा. डिसेंबर २०२० मध्ये जीमेलच्या बाबतीत हेच घडले होते: १४ तारखेला गूगलच्या सेवा पाऊण तासाच्या आसपास बंद होत्या, पण दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू असूनही अस्तित्वात असलेल्या पत्त्यांची पत्रे परत गेली.

म्हणून ग्राहकांकडून परत आलेल्या पत्राची प्रत मागवा. त्यात ५५० हा क्रमांक असेल, तर पत्ता चालू असूनही नाकारल्याचा तो लेखी पुरावा आहे. आणि कामाचा पत्ता जोडणी देणाऱ्या कंपनीवर अवलंबून ठेवू नका. कंपनी बदलायची वेळ आली, तर हा पत्ताच तुम्हाला अडवून धरील. स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारे स्वतःच्या मालकीचे नाव, घ्या, सर्वप्रथम जीएसटी पोर्टलवरील नोंद बदला आणि जुना पत्ता काही महिने चालू ठेवा.

कुडाळकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बिल स्थानिक केबलचालकाच्या नावाने येते, कंपनीच्या नाही. अपील कोणाकडे करावे?

ग्राहकपक्ष

चालक हा केवळ भागीदार असतो. जबाबदारी परवानाधारक कंपनीची. बिलावर किंवा जोडणीच्या अर्जावर तिचे नाव असेलच. अपील तिच्याकडे करा आणि प्रत चालकाला द्या. दोन्ही ठिकाणी नाव नसेल, तर चालकाकडे ते लेखी मागा आणि ती मागणीही अपिलाला जोडा.